वर्कशॉप झकास झालं, पण पोरांचा हात बसला का हे ठरवायचं कसं?

टाकेवाला:
सरकारी कॉलेजात सर्जरीला असिस्टंट प्रोफेसर आहे. नवे जेआर-१ (पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट) आले की दरवर्षी आम्ही एक दिवसाचं वर्कशॉप घेतो. सकाळी गाठी, मग पॅडवर टाके, दुपारी मटणवाल्याकडून आणलेल्या बकऱ्याच्या आतड्यावर अ‍ॅनास्टोमोसिस (दोन टोकं शिवून जोडणं), शेवटी चहा-समोसा आणि फीडबॅक फॉर्म. फॉर्मवर सगळीकडे 'एक्सलंट', एचओडी (विभागप्रमुख) खूश, फोटो ग्रुपवर. आणि महिन्याभराने त्यातलाच एक जण कॅज्युअल्टीत डोक्याची जखम शिवताना दिसला, सुई पार धाग्याच्या टोकाशी पकडलेली त्यामुळे वाकलेली, मनगट फिरवायचं सोडून सरळ ढकलतोय, गाठीला दोन्ही वेळा हात एकाच दिशेला, मग ती घसरणार नाही तर काय. म्हणजे आम्ही शिकवलं ते गेलं कुठे? कोणी हे नीट मोजता का?

जुना_खोंड:
सर, तुमचा फॉर्म फक्त 'आवडलं का' एवढंच विचारतो. शिकला का, वॉर्डात तसं करतो का, पेशंटला फरक पडला का, हे पुढचे तीन प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण समोसा संपलेला असतो 😄
ओसॅट्स वापरा, म्हणजे काम करताना हात बघून मार्क द्यायचा तक्ता. टोरांटोवाल्यांनी 1997 साली छापलं, फुकट आहे, एक पान. सात मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5, एकूण 35. टिश्यूला किती जपतो, फालतू हालचाली किती, इन्स्ट्रुमेंट कसं धरतो, असिस्टंटचा उपयोग करून घेतो का, पुढची स्टेप डोक्यात आहे का की दर वेळी थांबून सिस्टरकडे बघतो, असं सगळं. नुसती 'हे केलं, ते केलं' टिकमार्कची यादी ठेवलीत तर हळू पण नीट करणारा आणि धसमुसळा दोघे पास होतात. वर्कशॉपच्या आधी एकदा, लगेच नंतर एकदा आणि महिन्याने न सांगता एकदा. तिसरा स्कोर खरा.

दुर्बीणवाली:
+1, पण मूळ दुखणं 'एक दिवस' हेच आहे. 2006 ला टोरांटोतच ज्युनियर रेसिडेंटवर अभ्यास झाला होता, बारीक रक्तवाहिनी जोडायचं ट्रेनिंग. 38 जण, तीच चार सेशन, अर्ध्यांना एकाच दिवसात आणि अर्ध्यांना आठवड्याला एक. महिन्याने तपासलं तर आठवड्याला एक वाले पुढे. खर्च तोच, शिकवणारे तेच. तुमचं वर्कशॉप चार गुरुवारी तोडा, बाकी काही बदलू नका.

रात्रपाळी:
मॅडम, गुरुवारी आमच्या युनिटची ओपीडी असते 🙏 जेआर-२ बोलतोय. ब्लड बँकेत मी, एक्स-रे आणायला मी, ड्रेसिंग मी, आणि लॉगबुकमध्ये 'असिस्टेड' लिहिलंय ते म्हणजे दोन तास रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरून उभा होतो, पोटात काय चाललंय ते दिसतसुद्धा नव्हतं. आकडे भरतात, सही होते, विषय संपला. सिल्कचा उरलेला धागा कॉटच्या दांडीला बांधून गाठी मारतो पण चुकतंय का बरोबर हे सांगणार कोण? चुकलं की 'हो बाजूला' आणि फोर्सेप्स हातातून गेला. काय चुकलं ते एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरे होतं राव.

दुर्बीणवाली:
@रात्रपाळी पटलं, मग ड्युटी-लिस्टमध्येच अर्धा तास लिहून घ्या, तोंडी ठरलेलं टिकत नाही. आणि दुर्बिणीच्या सर्जरीच्या सरावाला मोठा सिम्युलेटर (सरावाचं मशीन) येईल म्हणून थांबू नका, अनेक ठिकाणी तो उद्घाटनानंतर कपाटात जातो. पुठ्ठ्याचा खोका, मोबाईलचा कॅमेरा, दोन जुने ग्रास्पर (लांब दांड्याचे चिमटे) आणि साबुदाणा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, सुरुवातीला एवढ्यावर भागतं.

जुना_खोंड:
शिकवताना पेटनची चार पायऱ्यांची पद्धत पण बघा. आधी न बोलता करून दाखवायचं, मग समजावत, तिसऱ्यांदा पोराने तोंडाने सांगायचं आणि आपण तसंच करायचं, मग त्याने करायचं. तिसरी पायरी सगळे गाळतात, आणि नेमकं तिथेच कळतं याच्या डोक्यात काय गोंधळ आहे.
आणि कोणी 'हात बघून काय होतं, रिझल्ट बघा' म्हणालं तर 2013 चा मिशिगनचा अभ्यास दाखवा. 20 बेरिअ‍ॅट्रिक (लठ्ठपणाची सर्जरी करणाऱ्या) सर्जननी आपापले व्हिडिओ दिले, इतर सर्जननी नावं न कळता मार्क दिले. तळातल्या गटाच्या पेशंटमध्ये कॉम्प्लिकेशन 14.5 टक्के, वरच्या गटात 5.2.

टाकेवाला:
भारी. महिन्याने परत आतड्यावरच घेतो, जोडून झालं की सिरिंजने निळं पाणी भरायचं, गळलं तर सगळ्यांना दिसेल, वाद नको. अडचण एकच, मार्क देणार कोण? आमच्याकडे युनिट-युनिटचं राजकारण तुम्हाला माहितीये.

दुर्बीणवाली:
फक्त हात शूट करा, ग्लोव्ह सगळ्यांना सारखे, आवाज बंद, फाइलला नुसता नंबर. आधीचे नंतरचे व्हिडिओ मिसळून मार्क देणाऱ्या दोघांना स्वतंत्रपणे पाठवा, कुठला कधीचा ते सांगू नका. आणि हे मार्क परीक्षेला जोडणार नाही असं आधीच एचओडींच्या सहीने कळवा, नाहीतर पोरं व्हिडिओच देणार नाहीत.