संगीतावरची छापील मासिकं (सोसायटी ग्रुप)

*बी-४०२:* मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्ण या गाण्याच्या परीक्षेला बसतेय. मोबाईल सोडून कागदावर वाचेल असं गाण्यावरचं चांगलं मासिक आहे का?

*ए-१०३:* 'संगीत कला विहार' बघा. गांधर्व महाविद्यालय मंडळाचंच मासिक, १९४७ पासूनचं. हिंदी चालत असेल तर हाथरसचं 'संगीत', १९३५ साली काका हाथरसींनी सुरू केलेलं. त्यांचे जुने विशेषांक मिळाले तर सोडू नका. थाट, ताल, ठुमरी असा एकच विषय घेऊन अख्खा अंक, आत बंदिशी (रागात बांधलेल्या रचना), त्याही स्वरलिपीसह, म्हणजे स्वर-ताल खुणांनी लिहून दिलेल्या.

*सी-६०१:* वर्गणी भरायच्या आधी ग्रंथसंग्रहालयात बसून दोन-तीन अंक चाळा. मैफलीचा वृत्तान्त आधी वाचायचा. राग, विलंबित (संथ) बंदिश कुठल्या तालात, द्रुत (जलद) बंदिशीचे बोल, साथीला कोण, एवढं नोंदलेलं असेल तर लिहिणाऱ्याचे कान जागे होते. "रसिक मंत्रमुग्ध झाले" एवढ्यावर भागवलं असेल तर पान उलटा. 😄

*बी-४०२:* काका, स्वरलिपी सगळीकडे एकच असते ना?

*ए-१०३:* नाही, भातखंडेंची आणि पलुस्करांची अशा दोन लिपी भेटतात, आणि मुलं हमखास इथेच अडकतात. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, स्वराच्या पायाशी टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर लिपीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, तारासाठी वर उभी रेघ. लिपी न बघता वाचलं तर तार सा च्या जागी थेट मंद्र सा, दोन सप्तकं खाली!

तालाचं तर आणखी अवघड. भातखंडेंची समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूण × आणि पलुस्करांची 'खाली'ची (जिथे टाळी न देता हात मोकळा दाखवतात त्या मात्रेची) खूण +. बारीक छपाईत दोन्ही सारख्याच दिसतात. सोळा मात्रांच्या तीनतालात 'खाली' नवव्या मात्रेवर, म्हणजे + ला सम धरली की बंदिश आठ मात्रांनी सरकली.

ओळखायची युक्ती: तीनतालाखाली ×, २, ०, ३ असेल तर भातखंडे. १, ५, +, १३ असेल तर पलुस्कर. कोमल स्वरही बघा. खाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, पाय मोडल्यासारखी खूण असेल तर पलुस्कर. जुन्या अंकांत दोन्ही भेटतात, म्हणून मुलीला सांगा, पानावर आधी पेन्सिलीनं लिपीचं नाव लिहायचं, मग गायचं.

*डी-२०५:* इंग्रजी चालत असेल तर चेन्नईचं 'श्रुती', १९८३ पासून. भर कर्नाटक संगीत आणि नृत्यावर, त्यामुळे परीक्षेला उपयोग कमी, पण कलाकारांवरचे लेख सविस्तर. अभ्यासाला जड काही हवं असेल तर मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचं १९७२ साली सुरू झालेलं त्रैमासिक शोधा. ते ग्रंथालयातच बघावं लागेल.

*सी-६०१:* वर्गणीबद्दल. जुन्या अंकातला पत्ता बघून मनीऑर्डर किंवा चेक पाठवू नका, आधी फोन करा. ताज्यात ताजा मार्चचा अंक मिळाला तर त्यात 'फॉर्म ४'ची चौकट शोधा. प्रकाशक, मुद्रक, पत्ता, किती दिवसांनी निघतं, सगळं तिथे असतं. पावतीवर वर्गणी कुठल्या महिन्यापासून तेही लिहून घ्या.

*ए-१०३:* आणि अंक सवलतीच्या दरात साध्या पोस्टानं येतो, ट्रॅकिंग नसतं. पत्त्यात विंग आणि फ्लॅट नंबर नसेल तर वॉचमनच्या टेबलावर पडून राहतो. महिनाअखेरपर्यंत आला नाही तर लगेच कळवा. उशीर झाला की शिल्लक प्रती संपलेल्या असतात.

*बी-४०२:* रद्दीवाल्याकडे जुने अंक मिळाले तर घ्यावेत का?

*डी-२०५:* घ्या, पण मधलं पान उघडून बघा. पिनांना गंज चढला की मधलीच जोडपानं सुटतात आणि नेमकी बंदिशच अर्धी मिळते. बांधणीला देताना पिना काढायला सांगा आणि कडा कापू नका म्हणावं, समासातल्या खुणा जातात.

*ए-१०३:* माझ्याकडे थोडे सुटे अंक आहेत. लिफ्टजवळ ठेवत नाही, उद्या संध्याकाळी वर येऊन घेऊन जा. परत मात्र हवेत.