मदत हवी आहे: बारावी राज्यशास्त्रासाठी संविधानाच्या अद्ययावत छापील मराठी प्रती

मुलं 45, ‘भारताचे संविधान’च्या प्रती 15. तिघांत एक चालते. अडचण आवृत्तीची आहे. प्रती 2019 आधीच्या, म्हणजे अनुच्छेद 334 (राखीव जागांची मुदत) मध्ये अजून ‘सत्तर वर्षे’, आणि नंतर घातलेले 15(6), 334क नाहीतच. चिठ्ठ्या चिकटवून पाहिल्या; 106व्या (महिला आरक्षणाच्या) दुरुस्तीचा मजकूर समासात मावत नाही, पुस्तक फुगून शिवण उसवते. प्रोजेक्टरवर पीडीएफही लावली. पण आणीबाणी शिकवताना अनुच्छेद 352 सोबत 358-359 ताडून बघायचे असतात. छापील प्रतीत बोट घालून पान उलटलं की झालं, पडद्यावर नुसती वरखाली शोधाशोध. मोबाइल वर्गात बंद. गाइड नकोच, द्विभाषिक प्रतही जाड होते. 106व्या दुरुस्तीपर्यंतची, तळटीपांसह संपूर्ण मराठी प्रत सध्या कुठे मिळते? शासकीय ग्रंथागारातून कॉलेजच्या पत्रावर 15 एकदम देतात का?