चर्चा : गुऱ्हाळ सावरायला परतलेल्या मुलीने हिस्सा आधी मागावा का?

पंचगंगाकाठ : मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून करवीर तालुक्यातील आमच्या एका परिचितांनी बारा वर्षे तिला उंबरा ओलांडू दिला नाही. यंदा त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, मुलगा पुण्याची नोकरी सोडेना आणि गुळव्याला (गूळ बनवणाऱ्या कारागिराला) दिलेली आगाऊ उचल बुडायची वेळ आली, तेव्हा तिला निरोप गेला. ती आली आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलेही. माझ्या मते, पहिले आधण (एका वेळी उकळलेला रस) उतरण्याआधी तिने आपला हिस्सा कागदावर घ्यायला हवा होता. ज्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, त्यांनीच १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. आपल्या लोकांनी पेठ तेवढी घेतली.

आडसाली : असहमत. तोडलेला ऊस कोणासाठी थांबत नाही. गाळपाला उशीर झाला की रस बिघडतो आणि गुळाचा रवा (ढेप) नीट बसत नाही. वकिलाकडे महिना घालवला असता, तर मजूर दुसऱ्या गुऱ्हाळावर गेले असते आणि वाटणीला थंड काहील (रस उकळायची मोठी कढई) उरली असती. शिवाय आजारी बापाच्या उशाशी स्टॅम्पपेपर ठेवणे मला तरी जमले नसते.

सातबारा : हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच सहदायक, म्हणजे मुलासारखीच हक्काची वाटेकरी, ठरते, आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे जमिनीसाठी तिला घाई नाही. घाणा आणि काहील मात्र वडिलांच्या स्वकमाईची असतील, तर ते मृत्युपत्राने ती मुलाला देऊ शकतात. आडसाली, ती जे सावरते आहे, नेमके तेच तिच्या हातून जाऊ शकते.

चुलवण : हिश्शापेक्षा अधिकाराचे बोला. तिला रंग उजळवणारी हायड्रॉस पावडर न घालता गूळ करायचा आहे. तो काळसर उतरतो, सौद्यात पिवळ्या गुळाला बोली जास्त लागते, आणि दर पडला की गुळव्यासकट सगळे तिलाच बोल लावणार. असा निर्णय पाहुणीने घेतलेला कोण ऐकेल?

पंचगंगाकाठ : आडसाली, उसाच्या घाईचा तुमचा मुद्दा मान्य, स्टॅम्पपेपरचा आग्रह मी सोडतो. पण अडत्याकडील (गूळ विकून देणाऱ्या दलालाकडील) विक्रीची पट्टी तिच्या नावे निघावी, एवढे तर पहिल्याच दिवशी ठरवता आले असते. ती वडिलांच्या नावे निघाली, आणि त्यांचे बँक खाते भावाच्या सहीने चालते.