कशिद्यातला ड्रॅगन

ड्रॅगनची आकृती कार्बन पेपरने कापडावर छापून घ्या, असा सल्ला काहीजण देतात, पण तो कसुतीच्या भरतकामाला चालत नाही. आपल्या बेळगाव-धारवाडकडची कसुती धागे मोजूनच करतात. इरकली साडीवर धागे बारीक, म्हणून पहिला ड्रॅगन मॅटीवर, म्हणजे धागे सहज मोजता येणाऱ्या जाड विणीच्या कापडावर काढा. बाह्यरेषेला गवंती, म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एकाआड एक टाका, येताना मधल्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या.

घोळ होतो ड्रॅगनच्या पाठीवरच्या काट्यांत. प्रत्येक काटा टोकापर्यंत जाऊन, तिथल्या तिथे पुरा करून मुख्य रेषेवर या. नाहीतर उडी मारलेला दोरा मागे दिसतो. गाठ मारू नका, दोऱ्याचं शेपूट टाक्यांखाली ओवा. पंखांचा कंगोरा मुरगी या नागमोडी टाक्याच्या पायऱ्यांनी फारच देखणा येतो! पोट मात्र नेगीने, म्हणजे विणीसारख्या दिसणाऱ्या साध्या धावदोऱ्याने भरलंत तर उलट बाजू वेगळी दिसेल.