पीसीओएस: वजनांचा व्यायाम किती आणि कसा?

प्रश्न: पीसीओएस (अंडाशयांशी संबंधित हार्मोन्सचा विकार) आहे, सोबत इन्सुलिन रेझिस्टन्सही (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही). रोज चालते. वजनं कशी सुरू करू?

उत्तर १: आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत वाकून वजन खाली नेणं आणि वर आणणं), डंबेल रो (पुढे वाकून डंबेल पोटाकडे ओढणं), पुशअप. प्रत्येकाचे २-३ सेट (फेऱ्या), दर सेटमध्ये ८ ते १२ वेळा. सेट संपताना आणखी दोनदाच जमेल इतकं वजन हवं. आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढतात, म्हणून मांड्या-नितंबांचे मोठे स्नायू आधी. चालणं सोडू नकोस.

उत्तर २: बहुतेकींचं अडतं ते इथे: महिनोन्महिने तेच डंबेल! सगळ्या सेटमध्ये १२ जमले की वजन वाढव. डेडलिफ्टला पाठ गोल होत असेल तर मात्र लगेच कमी कर.

उत्तर ३: काटा हलला नाही तरी थांबू नकोस गं. कंबरेचा घेर मोज.