बीपीची गोळी किडनी वाचवते म्हणतात, मग क्रिएटिनिन वाढलं काहून?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. बाबा ५९ वर्षांचे, बीपी १६०/१०० च्या खाली येतच नव्हतं आणि लघवीतून प्रोटीन जाऊन राहिलं, म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० सुरू केली, म्हणाले ही रक्तवाहिन्यांच्या हार्मोनवर काम करते, किडनीलाही चांगली. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.१ चं १.३ झालं! आई म्हणते गोळी बंदच करा. डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर जीव टांगणीला लागला आहे. रक्तवाहिनीच्या हार्मोनचा न किडनीचा संबंध काय, कोणी साध्या भाषेत सांगेल का?

फुटाळा_सकाळ
दादा, आधी आईंना सांगा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, हवं तर आजच फोन करा. मी फिजिऑलॉजी शिकवते म्हणून थोडं सांगते. एका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात, प्रत्येकीला रक्त आणणारी एक बारीक नळी आणि नेणारी एक. अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन नेणारी नळी जास्त आवळतं, त्यामुळे गाळणीत दाब चढतो, रक्त जोरात गाळलं जातं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, कागदावर कमी, छान दिसतं, पण त्याच दाबाने गाळणी झिजत जाते न प्रोटीन निसटतं. टेल्मिसार्टन त्या हार्मोनला काम करू देत नाही, नळी सैल होते, दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंत चढून तिथेच थांबलं तर सहसा गोळी थांबवत नाहीत, तुमच्या बाबांचं १८ टक्के आहे. पोटॅशियम किती ते लिहिलंच नाही तुम्ही, या गोळीने ते वाढू शकतं, तो आकडा बघाच.

महालकर
भाऊ एक कळकळीचं सांगतो, अंगदुखीच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. माझे काका हीच गोळी घेत होते, सोबत लघवी जास्त व्हायची गोळी, मे महिन्यात ४५ डिग्रीत लग्नाची धावपळ, पाणी पिणं नाही, आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणून डायक्लोफिनॅक चार दिवस. क्रिएटिनिन ३ च्या वर गेलं, भरती करावं लागलं. आम्हाला कोणी आधी बोललंच नाही.

फुटाळा_सकाळ
अगदी बरोबर. रक्त आणणारी नळी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलंच एक रसायन लागतं, आणि दुखण्याच्या या गोळ्या नेमकं तेच बंद करतात. येणारी नळी आवळली, जाणारी सैल, अंगात पाणी कमी, मग गाळणीत दाब राहणार कुठून?

रामदासपेठ_७१
ताई, एंडोथेलिन पण असंच काही आहे ना? कुठेतरी वाचलं होतं.

फुटाळा_सकाळ
हो, १९८८ मध्ये जपानमध्ये सापडलं, डुकराच्या महाधमनीच्या अस्तरातल्या पेशींपासून. रक्तवाहिनी जबरदस्त आवळतं. पण गंमत म्हणजे किडनीच्या शेवटच्या नळ्यांत तेच एंडोथेलिन मीठ बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून ते अडवणारी औषधं दिली की बीपी उतरतं पण अंगावर सूज येऊ शकते. एकच हार्मोन दोन ठिकाणी उलटं काम करतं, हे शिकवताना मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

वर्धारोडवाला
ताई, रिपोर्ट काढून पाहिला, पोटॅशियम ४.८ आहे. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले गोळी चालू ठेवा, सोमवारी दोन्ही परत तपासू. आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं, तिनेच आता बाबांना गोळी दिली न घरातलं डायक्लोफिनॅकचं पाकीट वेगळं काढून ठेवलं.