एकसारखी जुळी, वेगळी दुखणी : आरोग्य जन्मतःच ठरते का?

मेधा (धागालेखिका)
माझ्या आत्याच्या दोन मुली एकसारख्या जुळ्या आहेत. थोरलीला अकराव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. तेव्हापासून त्यांच्या फ्रिजच्या दारात लोण्याच्या वाटीशेजारी इन्सुलिन असे, आणि धाकटी दर वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बहिणीच्या यंत्रावर गुपचूप स्वतःचे बोट टोचून साखर पाहत असे. आज तिने चाळिशी ओलांडली आहे आणि तिला मधुमेह नाही. जनुके तीच, घर तेच, पंगतही तीच. एका जुळ्याला हा आजार असताना दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण बऱ्याच अभ्यासांत ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा महिमा सिद्ध होतो असे नेहमी सांगितले जाते. मला मात्र त्यांतून उलटेच दिसते. आपले मत काय?

दिगंबर
मेधाताई, एका घरावरून उलटे सिद्ध होत नाही, आणि चाळिशीची मुदतही अपुरी आहे. ज्यांच्या जुळ्या भावंडाला टाइप १ मधुमेह होता, अशांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठीपर्यंत हा आकडा ६५ टक्क्यांवर गेलेला दिसला. (आपल्या बहिणीच्या वाट्याला तो न येवो.) मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या शंभरहून अधिक जुळ्यांना तपासले, आणि १९९० साली बुद्ध्यंकातील सुमारे ७० टक्के तफावत आनुवंशिक असल्याचे मांडले. उंचीच्या बाबतीत तर हा वाटा सुमारे ८० टक्के मानला जातो.

माझा आक्षेप निव्वळ आकड्यांपुरता नाही. परिस्थितीवर बोट ठेवणारे लोक शेवटी रोग्यावरच बोट ठेवतात. माझे वडील आयुष्यभर पायी हिंडले, पानात कधी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आणि तरीही पन्नाशीत त्यांना हृदयविकाराने गाठले. भेटीला आलेले नातेवाईक 'काहीतरी खाण्यात येत असणार' असे म्हणत आईकडे पाहत राहिले. 'हे घराण्यातून आले आहे' एवढे एक वाक्य डॉक्टरांनी त्या खोलीत मोठ्याने उच्चारले असते, तर तिच्यावर उपकार झाले असते.

शर्वरी
दिगंबरराव, आपल्या आईंवर अन्याय झाला यात शंका नाही; पण त्या अन्यायावरून आकड्यांचा अर्थ बदलत नाही. आनुवंशिकतेचा टक्का हा एका माणसाचा नसतो, समूहाचा असतो. ७० टक्के म्हणजे माझी ७० टक्के बुद्धी आई-वडिलांकडून आली असे नव्हे. त्या विशिष्ट समूहात, त्या विशिष्ट परिस्थितीत माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातील एवढा जनुकांतील फरकाशी जोडता आला, इतकेच. सर्वांना सारखेच अन्न आणि सारखीच शाळा मिळाली, तर हा टक्का आपोआप वाढेल, आणि त्यासाठी एकाही जनुकात बदल व्हावा लागणार नाही.

शिवाय 'वेगळ्या घरांत वाढलेली' ही घरे वेगळी असली तरी किती वेगळी होती? दत्तक देताना मुले सहसा बऱ्यापैकी स्थितीच्या घरांत जातात. अमेरिकेतील ओहायोत वेगवेगळ्या घरांत वाढलेले, जिम हेच नाव असलेले दोन जुळे भाऊ ३९ व्या वर्षी भेटले, तेव्हा दोघांच्याही पहिल्या पत्नीचे नाव लिंडा आणि दुसरीचे बेटी निघाले, ही गोष्ट जगभर गाजली. बायकोचे नाव ठरवणारे जनुक असते असे कोणीच म्हणणार नाही, तरीही ही गोष्ट पुरावा असल्याच्या थाटात सांगितली जाते.

आणि परिस्थिती जन्मानंतर सुरू होते, असे तरी का धरावे? पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे हडकुळी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश गर्भात एकाच वारेवर (प्लासेंटावर) वाढतात, आणि त्या वारेचा वाटाही दोघांना सारखा मिळतोच असे नाही.

हापूसचे कलम घ्या. एकाच मातृवृक्षाची कलमे म्हणजे एकसारखी जुळीच. त्यांतले एक देवगडच्या कातळावर लावा आणि दुसरे घाटमाथ्यावरच्या काळ्या जमिनीत, आणि फळ चाखून मला सांगा.

दिगंबर
चाखेन. आपण त्याच देवगडच्या कातळावर पायरीचे कलम लावा आणि त्याला हापूस धरला की कळवा.

आयुर्मानाचा मुद्दा मात्र मी स्वतःहून सोडतो. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांच्या नोंदींवरून आयुष्याच्या लांबीतील आनुवंशिक वाटा पुरुषांत २६ आणि स्त्रियांत २३ टक्केच निघाला. तो माझ्या बाजूचा नाही.

रत्नाकर
माझी स्वतःची बाग आहे, म्हणून आंब्यापुरते बोलतो. आपण दोघे जमीन आणि कलम यांवर भांडत आहात. माझ्याकडे एकाच झाडावर, एकाच फांदीवर, दोन तळहातांच्या अंतरावर लागलेली दोन फळे एकाच दिवशी उतरवली जातात, एकाच अढीत पिकतात. एक कापले तर केशरी निघते आणि दुसऱ्यात साका, म्हणजे गरातला पांढरट, खराब भाग. बाहेरून दोन्ही सारखीच. साक्याची कारणे शास्त्रज्ञ सांगतात, पण कोणत्या फळात तो निघेल हे कापल्याशिवाय मला आजवर सांगता आलेले नाही.

आइसलँडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एकसारख्या जुळ्यांच्या जनुकसंचातही सरासरी ५.२ बदल गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीलाच पडलेले आढळले. ते ना वडिलांकडून आलेले, ना ताटातून. पेशी दुभंगताना झालेली नक्कलचूक, एवढेच. त्यामुळे मेधाताईंच्या दोन बहिणींबाबत 'जनुके तीच' हे म्हणणेही पुरते खरे नाही, आणि 'परिस्थिती तीच' हे तर शर्वरीताईंनी आधीच खोडले आहे.

धाकटी अजूनही वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बोट टोचते का?

मेधा
टोचते. आता गुपचूप नाही. थोरलीच यंत्र आणून समोर ठेवते.